फोटोसारखं नको, मग कसं? एका वाचनालयाची चित्रं काढताना

मी आर्किटेक्चर शिकलेय पण इमारती काढते त्या कागदावरच, म्हणजे दुसऱ्या आर्किटेक्ट लोकांच्या डिझाइनची चित्रं करून द्यायची हे माझं काम. बहुतेकांना फोटोसारखा थ्रीडी व्ह्यू हवा असतो आणि तो करून देणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत, माझ्याकडे येतात ते तसा नको असलेले, आणि त्यांची गंमत अशी की फोटोसारखं नको एवढंच त्यांचं ठरलेलं असतं, मग कसं हवं ते कुणालाच सांगता येत नाही. मोबाइलमध्ये सेव्ह केलेले नमुने दाखवतात, त्यात एक वॉटरकलर, एक नुसतं पेनचं, एक इन्स्टावरचं कोलाज, आणि "याच्यासारखं पण थोडं त्याच्यासारखं" असं काहीतरी. मागच्या वर्षी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयाचं काम केलं, त्यात या निवडीवर जेवढं डोकं खर्च झालं तेवढं आधी कधी झालं नव्हतं, म्हणून जरा सविस्तरच लिहितेय.

इमारत साधी. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, पुढे लांब पडवी, पडवीत बाकडी, सकाळी तिथे म्हातारी मंडळी पेपर वाचायला येतात. मागच्या अंगाला नवा भाग बांधायचाय, खाली मुलांसाठी खोली आणि अभ्यासिका, वर एक छोटा हॉल. आर्किटेक्ट रत्नागिरीचे, वयाने मोठे, मी त्यांना सर म्हणते. ट्रस्टकडे थोडे पैसे होते, बाकीचे मुंबईतल्या चाकरमान्यांकडून जमवायचे आणि त्यासाठीच चित्रं हवी होती. एक पुस्तिका, मुंबईत मंडळाच्या मेळाव्यात लावायला फ्लेक्स, व्हॉट्सॲपवर फिरवायला एक इमेज, आणि गावातल्या मीटिंगसाठी मोठे प्रिंट.

माझ्या आधी एकाकडून फोटोरिअलिस्टिक व्ह्यू करून घेऊन झाला होता. काम वाईट नव्हतं हां, टेक्निकली चांगलंच होतं, संध्याकाळचा उजेड, काचेत आकाश, समोर एक पांढरी गाडी. तो गावात लावला तेव्हा काय झालं ते सरांनी फोनवर हसत हसत सांगितलं. लोक आधी गाडी कुणाची यावर बोलले. मग फरशी एवढी चकचकीत कशाला, पावसात पोरं घसरतील. मग झाडं, कारण सॉफ्टवेअरमधली तयार झाडं टाकलेली, गावात माड आणि फणस आणि चित्रात युरोपातले बर्च. आणि मग एका काकांनी विचारलं, "अहो सगळं झालेलंच दिसतंय की, मग वर्गणी कसली मागताय?" तो प्रश्न काही चुकीचा नव्हता. चित्रात सगळं बांधून, रंग देऊन, दिवे लावून तयार होतं. ज्यासाठी मीटिंग बोलावली होती, म्हणजे मुलांची खोली कुठल्या बाजूला हवी आणि जिना आतून की बाहेरून, त्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

हे नवीन नाही खरं तर. १९९६ मध्ये जर्मनीतल्या माग्डेबुर्ग विद्यापीठातल्या लोकांनी आर्किटेक्ट आणि आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांना एकच इमारत तीन तऱ्हांनी दाखवली होती, कॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगचा, कोरडा प्लॉट, रंग-सावली दिलेलं रेंडर, आणि हाताने काढल्यासारखी रेघांची आवृत्ती, तीही कॉम्प्युटरनेच केलेली. पहिल्या कच्च्या डिझाइनसाठी लोकांनी रेघांचं चित्र निवडलं, शेवटच्या प्रेझेंटेशनसाठी बाकीचे दोन प्रकार, आणि रेघांचं चित्र बघून बोलावंसं, बदल सुचवावासा वाटतो असंही त्यात निघालं. चित्र जितकं पुरं दिसतं तितका निर्णय झालेला वाटतो, बाकी काही नाही. बिल्डर लोकांना हे बरोबर कळतं, त्यांना तो निर्णय झालेलाच दाखवायचा असतो, आणि मग खाली कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात "कलाकाराच्या कल्पनेतून" वगैरे लिहायचं, कारण २०१६ च्या रेरा या बांधकाम प्रकल्पांच्या कायद्यात कलम १२ आहे, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून कुणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं तर भरपाई प्रमोटरने, म्हणजे बिल्डरने, द्यायची. असो, आमच्याकडे विकायला काही नव्हतं, मागायचं होतं.

तर सुरुवात मी स्केचअप या थ्रीडी मॉडेलच्या सॉफ्टवेअरने केली कारण सरांचं मॉडेल त्यातच होतं. ज्यांनी वापरलंय त्यांना माहीत असेल, त्यात स्टाइल्सचा एक मोठा डबाच आहे, पेन्सिलच्या रेघा, मार्करच्या रेघा, क्लिक केलं की मॉडेल लगेच स्केच झाल्यासारखं दिसतं. पहिली पाच मिनिटं भारी वाटतं. मग लक्षात यायला लागतं की रेघ थरथरतेय पण सगळीकडे सारखीच थरथरतेय. त्या स्केची रेघा म्हणजे स्कॅन केलेले थोडेसे स्ट्रोक असतात आणि तेच आलटून पालटून सगळ्या कडांना लावले जातात, त्यामुळे नीट बघितलं की एकच वळण चौकटीला, तेच पायरीला, तेच वाशाला. हात असा काम करत नाही. हात जिथे कंटाळतो तिथे रेघ सोडून देतो, जिथे घट्ट सांधा दाखवायचाय तिथे दाबतो. आणि कौलं! मॉडेलमध्ये एकेक कौल होतं, सरांच्या असिस्टंटने मन लावून केलेलं, त्यामुळे आढ्याकडे जाता जाता रेघांची इतकी गर्दी की छप्पर म्हणजे एक काळा पट्टा. सेटिंग्ज खेळून बघितली, प्रोफाइल म्हणजे बाहेरची कड जाड, एक्स्टेन्शन म्हणजे कोपऱ्यापुढे जाणारी रेघ थोडी, डेप्थ क्यू चालू म्हणजे जवळच्या रेघा जाड, लेव्हल ऑफ डिटेल खाली. ते खाली केलं की रेघा कमी होतात खऱ्या, पण कुठल्या कमी करायच्या ते मी ठरवत नाही, आणि त्याने नेमकी पडवीच्या खांबांची उभी रेघ खाल्ली. अजून एक, ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी, एक्सपोर्ट मोठ्या पिक्सेलमध्ये काढला की रेघा तुलनेने बारीक होतात, स्क्रीनवर छान दिसणारं चित्र प्रिंटमध्ये केसासारखं येतं, तेव्हा एक्सपोर्टच्या ऑप्शन्समध्ये लाइन स्केल असतं ते वाढवायचं.

मग मॉडेल ब्लेंडर या दुसऱ्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नेलं, फ्रीस्टाइलसाठी, म्हणजे मॉडेलवरून रेघांचं चित्र काढून देणाऱ्या भागासाठी. हे २०१३ पासून ब्लेंडरच्या आतच आहे, हळू चालतं, पण रेघेवर ताबा मिळतो. सिल्हूट म्हणजे बाहेरची आकृती वेगळी, क्रीज म्हणजे आतल्या घडीची कड वेगळी, कॅमेऱ्यापासून लांब गेल्यावर रेघ बारीक, आणि बॅकबोन स्ट्रेचर नावाचं एक आहे त्याने रेघा कोपऱ्यात एकमेकींना ओलांडून जरा पुढे जातात, जुन्या ड्राफ्ट्समनच्या ड्रॉइंगमध्ये जातात तशा. सगळ्यात कामाचं म्हणजे छप्पर वेगळ्या कलेक्शनमध्ये टाकून रेघांमधून पूर्ण वगळता आलं. छप्पर मी हाताने काढणार हे तोपर्यंत ठरलं होतं.

यावर जरा थांबते कारण माझ्या मते या सगळ्या प्रकारातली खरी कला इथेच आहे. १९९४ मध्ये जॉर्जेस विंकेनबाख आणि डेव्हिड सॅलसिन या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या दोघांनी कॉम्प्युटरकडून पेन-शाईची चित्रं कशी काढून घ्यायची यावर पेपर लिहिला होता, इमारतींचीच उदाहरणं, आणि त्यात एक गोष्ट त्यांनी पकडली होती की विटांची भिंत दाखवायला सगळ्या विटा काढायच्या नसतात, थोड्या इथे थोड्या तिथे काढायच्या, बाकी कागद कोरा, डोळा उरलेलं भरून घेतो. आणि कुठे काढायच्या ते त्यांच्या सिस्टिममध्येही माणूसच खुणा करून सांगायचा. आमच्या भिंतीत मी चिऱ्याचे सांधे फक्त कोपऱ्यात, जोत्याजवळ आणि खिडकीच्या भोवती काढले. जांभ्याला बारीक भोकं असतात, ती ठिपक्यांनी, तीही उन्हाच्या बाजूला जवळजवळ नाहीतच, पागोळ्या पडून भिंत खालून काळी पडते तिथे दाट. कौलं पागोळीकडच्या पहिल्या तीन-चार ओळी पूर्ण, आढ्याची कौलं पूर्ण, मधे तुटक आडव्या रेघा, कुठे कुठे एखादं सरकलेलं कौल. झालं छप्पर. मॉडेलमधल्या हजारो कौलांपेक्षा हे जास्त कौलारू दिसतं, आणि मुख्य म्हणजे काळा पट्टा गेला.

पद्धत अशी की फ्रीस्टाइलचा फिका प्रिंट ए थ्री वर काढायचा, वर बटर पेपर, आणि त्यावर ०.१, ०.३ आणि ०.५ च्या पेनांनी. पर्स्पेक्टिव्ह मशिनचं, हॅचिंग म्हणजे समांतर बारीक रेघांनी दिलेली छटा माझी. काही लोक याला चीटिंग म्हणतात, म्हणू देत. पेनचं काम म्हटलं की आपल्याकडे सगळ्यांना मारिओ मिरांडाच आठवतात, ट्रस्टच्या सेक्रेटरींनीही पहिल्याच फोनवर "मारिओसारखं करा ना मॅडम" म्हणून सांगितलं होतं. मी नाही म्हणाले. ती रेघ इतकी ओळखीची आहे की तिच्यासारखं काहीही केलं की नक्कलच दिसते आणि बघणारा वाचनालय सोडून गोव्यात पोचतो.

वॉटरकलर मात्र मनापासून करायचं होतं. पुण्यात राहून वॉटरकलरचं प्रेम नसणं अवघड आहे, मिलिंद मुळीकांची चित्रं बघत बघतच आमची अख्खी बॅच हात चालवायला शिकली. ३०० जीएसएमचा कोल्ड प्रेस कागद ताणून घेतला, कौलांचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, टाकला, जांभ्याला बर्न्ट सिएनामध्ये जरा निळा मिसळून, ओल्यातच खाली हिरवट शेवाळ सोडलं, मागे माडांची धूसर गर्दी. सुंदर झालं, मीच म्हणते. सरांना पाठवलं तर त्यांचाही लगेच फोन, "अगं काय सुंदर झालंय, फ्रेम करून लावतो." मग दोन सेकंद गप्प, आणि म्हणाले, "पण यात माझं काय आहे आणि जुनं काय आहे?"

बरोबर होतं ते. पाण्याने सगळं एकाच जुनाट गोड उजेडात बुडवून टाकलं होतं. नव्या भागाला स्टीलचा ट्रस, म्हणजे छपराचा सांगाडा, आहे, भिंत प्लास्टरची आहे, सरांनी मुद्दाम जुन्याची नक्कल केली नव्हती. जुन्या इमारतींच्या कामात हे तत्त्वच आहे, १९६४ च्या व्हेनिस चार्टरमध्ये स्पष्ट आहे की भर घालाल ती जुन्याशी जुळती असू दे पण वेगळी ओळखू आली पाहिजे, आणि माझ्या चित्रात ती ओळखूच येत नव्हती, नवा हॉलही शंभर वर्षांपूर्वीचा वाटत होता. शिवाय जुनी इमारत पक्की आहे, मोजलेली आहे, उभी आहे. नव्यातलं निम्मं ठरायचंय. वर पत्रा की कौलं, जिना कुठे, संडास कुठे. दोन्ही एकाच हाताने, एकाच पुरेपणाने काढले तर पहिल्या व्ह्यूमध्ये जो गोंधळ झाला तोच पुन्हा, फक्त दिसायला हळवा.

मधे बाकीचेही प्रकार करून बघितले, त्यावर फार लिहीत नाही. सगळं पांढरं मॉडेल, नुसत्या मऊ सावल्या, हे आर्किटेक्ट लोकांना फार आवडतं आणि आकार-उंचीवर चर्चा करायला खरंच बेस्ट आहे, पण ट्रस्टमध्ये दाखवलं तर पहिला प्रश्न "पांढरा रंग देणार का? पावसाळ्यात टिकेल का?" चारकोल ट्राय केला, पावसाळी संध्याकाळ, काळं आभाळ, एका खिडकीत दिवा. ह्यू फेरिस नावाचे एक अमेरिकन होते, न्यूयॉर्कच्या १९१६ च्या झोनिंग कायद्यात इमारत किती आणि कशी चढवता येईल हे त्यांनी १९२२ मध्ये चारकोलसारख्या काळ्या-करड्या चित्रांत टप्प्याटप्प्याने दाखवलं होतं, कायद्यातलं कलम असं चित्रात उतरवणं मला आजही थोर वाटतं. पण ते गगनचुंबी इमारतींना शोभतं, आमचं वाचनालय त्यात भुताचा वाडा दिसायला लागलं. आणि ते इन्स्टावरचं कोलाज, फिके सपाट रंग, सावली नाही, आंरी रूसो या फ्रेंच चित्रकाराच्या जंगलातून कापलेली झाडं आणि कुठल्यातरी जुन्या पेंटिंगमधली माणसं. कॉलेजच्या ज्युरीत ठीक आहे. चाकरमान्याला स्वतःच्या गावच्या पडवीत पॅरिसची बाई बसलेली दाखवून वर्गणी मिळत नाही.

तर शेवटी केलं काय, तर एकाच चित्रात दोन हात. जुनं सगळं काळ्या शाईत, ठिपके, हॅचिंग, सरकलेल्या कौलांसकट. नवं फक्त लाल रेघेत, आत काही टेक्स्चर नाही, एक सपाट फिका लाल वॉश, आणि जे अजून ठरलेलं नाही ते तुटक लाल रेघेत. लाल का, तर महापालिकेत प्लॅन सबमिट केलेल्या कुणालाही विचारा, प्रस्तावित काम लाल, पाडायचं ते पिवळं. सरांना ते बघताक्षणी वाचता आलं. गावातल्यांना ते कन्व्हेन्शन माहीत असायचं कारण नाही, पण त्यांनाही कुणी समजावून सांगावं लागलं नाही, काळं म्हणजे आहे, लाल म्हणजे होणार.

इथपर्यंत आले आणि मग छपाईने छळलं. पुस्तिका ट्रस्टवाले गावाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून काढणार होते, खर्च वाचवायला काळी-पांढरी. झेरॉक्समध्ये लाल काळा होतो! म्हणजे माझी सगळी भाषा तिथेच संपली. दुकानात उभं राहून वेगवेगळे तुकडे काढून बघितले, फिका वॉश एक तर उडून जातो नाहीतर घाणेरडा करडा डाग येतो, काळं हॅचिंग मात्र खणखणीत उतरतं. म्हणून मग रंग काढून घेतला तरी फरक कळला पाहिजे असं ठरवून नव्या भागाच्या रेघा अजून बारीक आणि मोकळ्या केल्या, आत एकही ठिपका नाही, कोपरे मुद्दाम न मिळणारे, जुनं दाट आणि नवं विरळ. आता झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी वाचता येतं. व्हॉट्सॲपवर बरोबर उलटं झालं. तिथे इमेज दाबली जाते आणि बघणारा ती तळहाताएवढ्या स्क्रीनवर बघतो, बारीक हॅचिंगच्या समांतर रेघा एकमेकींत मिसळून पडवीच्या सावलीत विचित्र लाटा दिसायला लागल्या. त्यासाठी वेगळी आवृत्ती केली, हॅचिंग काढून तिथे सपाट करडा टोन, रेघा थोड्या जाड, लाल चांगला ठसठशीत. फ्लेक्सने काही त्रास दिला नाही. ए थ्री चं आठ फुटी केलं की सगळं साधारण सहापट होतं, ०.३ ची रेघ पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास जाते, पण दहा फुटांवरून बघताना ती जाडी बरोबर वाटते, फक्त दुकानदाराला सांगावं लागलं की शार्प करू नका, ब्राइट करू नका, काहीच करू नका दादा.

बाहेरून बघायचं चित्र झालं, पण आत कोण कुठे बसणार हे त्यात कळत नव्हतं, आणि गावाला तेच हवं होतं. त्यासाठी छप्पर उचललेलं ॲक्सोनोमेट्रिक केलं, म्हणजे वरून तिरकं, पण लांबच्या भिंती लहान होत नाहीत, माप खरं राहतं. इथे रंग सपाट वापरले, सावली नाही, जमिनीचे रंग वेगवेगळे, मुलांची खोली पिवळी, अभ्यासिका फिकी निळी. हे करताना आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींची ती मिनिएचरसारखी चित्रं समोर ठेवली होती, त्यांच्या अहमदाबादच्या 'संगाथ' या ऑफिसची वगैरे, ज्यात प्लॅन वरून दिसतो, झाड बाजूने दिसतं आणि मोर भलत्याच मापाचा असतो आणि तरी काही खटकत नाही. आपल्या लोकांना असं चित्र वाचायची सवय आहे असं मला वाटतं, देवळातले पट, जत्रेतली चित्रं, तिथे कुठे पर्स्पेक्टिव्ह असतो. तो प्रिंट मीटिंगमध्ये लावला तेव्हा लोक उठून जवळ आले आणि बोट ठेवून बोलायला लागले. एका काकूंनी मुलांच्या खोलीवर बोट ठेवून सांगितलं की इथे दुपारनंतर ऊन येतं, पोरं तीनला शाळेतून सुटतात, भाजून निघतील. दुसऱ्याने जिन्याच्या तुटक लाल रेघेवर बोट ठेवून, हा बाहेरून घ्या, म्हणजे वरचा हॉल लग्नाला नाहीतर भजनाला दिला तरी खाली वाचणाऱ्याला त्रास नाही. सर शेजारी उभे राहून माझ्याच पेनने प्रिंटवर लिहीत होते. चकचकीत व्ह्यूवर कुणी पेन टेकवलं असतं असं मला नाही वाटत.

झाडं मी एकही तयार घेतली नाहीत. आर्किटेक्ट जेफ्री बावांच्या श्रीलंकेतल्या ऑफिसची ड्रॉइंग्ज ज्यांनी बघितलीत त्यांना माहीत असेल, तिथे सेक्शनमध्ये, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणाऱ्या ड्रॉइंगमध्ये, झाड म्हणजे गोल गोल ढग नसतो, तिथे उभं असलेलं तेच झाड असतं, फांद्यांसकट. हवाही आपल्या कोकणासारखीच, म्हणून तो धडा थेट घेता आला. मागचा फणस, विहिरीजवळच्या दोन पोफळी, गडग्यावर वाकलेला माड, सगळं फोटोवरून काढलं, आणि फणस तर नव्या भागाच्या इतक्या जवळ आहे की तो खरा काढल्यावरच सरांच्या लक्षात आलं की पाया त्याच्या मुळांपासून लांब घ्यायला हवा. माणसं चेहऱ्याशिवाय. पडवीत पेपर उघडून बसलेले दोघं, आणि पायऱ्यांखाली चपला. चपला काढल्या की इमारत वापरात आहे हे लगेच कळतं, त्यासाठी पंचवीस माणसं कट-पेस्ट करावी लागत नाहीत.

आता एक प्रश्न हमखास येतो म्हणून, एआय का नाही वापरलं. वापरून बघितलं ना. मॉडेलचा स्क्रीनशॉट द्यायचा आणि पेन-शाई किंवा वॉटरकलर म्हणायचं, काही सेकंदांत येतं आणि पहिल्या नजरेला झकास असतं. पण समोरच्या भिंतीत पाच खिडक्या होत्या त्या सहा झाल्या, मंगळुरी कौलांच्या जागी कसल्यातरी चौकोनी फळ्या आल्या आणि पडवीचा एक खांब हवेत संपला. फोटोसारखं न काढण्यात मला वगळायची मोकळीक हवी असते, नसलेलं घालायची नाही. सहावी खिडकी बघून कुणीतरी त्या खिडकीसाठी देणगी देईल, मग? मूडबोर्डला ठीक आहे, कुठला कागद, किती काळं, हे क्लायंटशी बोलायला. त्यापुढे मी नेलं नाही.

वॉटरकलर वाया नाही गेलं, ते पुस्तिकेच्या कव्हरवर आहे, पण फक्त जुन्या पडवीचा तुकडा, नवा भाग फ्रेमच्या बाहेर. कव्हर तेवढं रंगीत छापलं. पैशांचं म्हणाल तर किती जमले हे सांगणं माझं काम नाही, आणि चित्रामुळे किती आणि गणपतीला गावी आलेल्यांनी एकमेकांना बघून किती दिले हे कुणाला वेगळं करता येणारही नाही. पण "झालंयच की" असं कुणी म्हणालं नाही, हे सरांनी मुद्दाम सांगितलं.

मीटिंगनंतर जिना बाहेर गेला, मुलांची खोली पूर्वेला सरकली आणि वर पत्र्याऐवजी कौलंच हे ठरलं. फाइलमध्ये लाल रेघा वेगळ्या लेयरवर होत्या त्यामुळे काळ्याला हात न लावता एका संध्याकाळी तेवढं बदलून दिलं, काही तुटक रेघा सलग झाल्या. पुस्तिकेची दुसरी खेप तीच घेऊन निघाली. संडास मात्र अजून तुटक रेघेतच आहे, त्यावर गावात दोन गट आहेत आणि दोघांनीही मला वेगवेगळा फोन करून आपल्या बाजूला काढायला सांगितलंय.